मुद्दाम हरलेले डाव

नृसिंह कुलकर्ण्यांनी नोकरीभर लोकांचा घरफाळा आकारला. कुणी पोटमाळा लपवलाय, कुणी गच्चीवर गुपचूप खोली चढवलीय, हे त्यांना जिना चढतानाच कळे. निवृत्तीनंतर राजारामपुरीतल्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये मात्र आकारण्यासारखं काही उरलं नाही. पत्नी कालिंदीबाई गेल्यापासून आतल्या खोलीचा दिवाही लागत नव्हता.

मुलगी बंगळूरला. तिने तिथूनच त्यांना बुद्धिबळाचा ऑनलाइन क्लास लावून दिला. रोज बापाला फोन करण्यापेक्षा हे सोयीचं, असं ती बोलली नाही. पण न बोललेलं वाचण्यात नृसिंहरावांची हयात गेली होती.

क्लास ऋता मॅडमचा. त्या संध्याकाळी एखादी युक्ती शिकवत. मग हारजितीप्रमाणे चढणारं-उतरणारं रेटिंग ज्यांचं जवळपास सारखं, त्यांच्या जोड्या कॉम्प्युटर लावे. डाव संपला की माइक उघडायचा आणि कोण कुठे चुकलं यावर दोघांनी बोलायचं, असा नियम. बहुतेक जण नियमापुरतं खाकरून निघून जात. आजऱ्याचे सयाजी देसाई जात नसत. काजूचा कारखाना मुलांनी हातात घेतल्यामुळे त्यांच्याकडे आवाज आणि वेळ दोन्ही भरपूर होते.

"काय पावणं, घोडा असा मोकळा सोडत्यात व्हय? जेवलासा का न्हाय आज?"

"जेवलो. भात होता सकाळचा."

"सकाळचा भात खाऊन वजीर कसा चालंल, अण्णा?"

नृसिंहरावांना आता संध्याकाळपर्यंत जगायला कारण मिळालं. पण त्यांचा खेळ सुधारू लागला. रेटिंग चढलं, सयाजीरावांचं जागच्या जागी. जोडी दुसऱ्यांशी लागू लागली. मोबाइल नंबर मागावा असं अनेकदा मनात आलं. पण कशासाठी म्हणून मागायचा? साऱ्या नोकरीत त्यांनी कामाशिवाय कुणाला फोन केला नव्हता. बुद्धिबळ हे काम होतं. नुसतं बोलणं हे काम नव्हतं. तेव्हा या चोख माणसाने नंबर मागण्यापेक्षा हरणं सोपं ठरवलं. कधी हत्ती देऊन टाकला, कधी जिंकलेला डाव सोडला. रेटिंग उतरलं, सयाजीराव परत समोर आले. ते सारखे हरून कंटाळू नयेत म्हणून एकदा-दोनदा त्यांनाही डाव सोडला.

महिनाभरात ऋता मॅडमनी क्लास संपल्यावर त्यांना थांबवून घेतलं.

"काका, तुम्ही चूक करण्याआधी फार विचार करता."

"वय झालं."

"विचार करून केलेली चूक वेगळी दिसते, काका. क्लासात कॉम्प्युटरला विचारून जिंकणारे आहेत, त्यांना मी काढते. मुद्दाम हरणंही त्याच यादीत येतं."

नृसिंहराव चष्मा पुसू लागले. पोटमाळा सापडल्यावर घरमालकही असंच काहीतरी पुसायला घेत.

"सयाजीकाकांनी स्पर्धेत नाव दिलंय," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला हरवलं या भरवशावर. त्यांना तुम्ही सांगा, नाहीतर मला सांगावं लागेल."

दुसऱ्या दिवशी जोडी लागली तेव्हा नृसिंहरावांनी पहिली खेळी करण्याआधीच माइक उघडून सगळं सांगून टाकलं. फक्त असं का केलं, तेवढं सांगितलं नाही. तिकडे सयाजीरावांनी एक काजू फोडला.

"दिवाळीत हरवलं तुमास्नी, त्यो डाव?"

"तो खरा होता."

"आणि उंटानं मात दिली, त्यो? मी कारखान्यात सगळ्या बायकांना सांगितलं. चहा पाजला."

नृसिंहरावांना खोटं बोलता आलं असतं. त्या एका 'खरा होता'वर पुढच्या सगळ्या संध्याकाळी मिळाल्या असत्या.

"तो सोडलेला होता."

"बरं," सयाजीराव म्हणाले. "आज खरं खेळा."

नृसिंहराव खरं खेळले. सयाजीरावांचा राजा किल्लेकोट करून हत्तीच्या आडोशाला जायच्या आतच संपला.

"एवढं येतंय तुमास्नी," सयाजीराव हळू म्हणाले. त्यांचा आवाज एवढा लहान होऊ शकतो हे नृसिंहरावांना ठाऊक नव्हतं. "आणि मी येडा तुमास्नी घोडा कसा राखायचा शिकवत हुतो."

"मला ते ऐकायचं असायचं, सयाजीराव."

"व्हय की. करमणूक."

"तसं नाही—"

पण तसं नाही म्हणजे कसं, हे आकारायला त्यांना शब्द सापडेपर्यंत सयाजीरावांचं नाव पडद्यावरून गेलं होतं. त्यांनी स्पर्धेतलं नाव मागे घेतल्याचं पुढे मॅडमकडून कळलं. क्लासही सोडला.

नृसिंहरावांचं रेटिंग आता झरझर चढलं. वरच्या बॅचमध्ये नाशिकच्या एक बाई समोर आल्या. चांगल्या खेळल्या, शेवटी प्यादं पुढे रेटण्याच्या घाईत हरल्या. माइक उघडला.

"तुमचा राजा आधी पुढे यायला हवा होता," नृसिंहराव म्हणाले. "म्हणजे मग..."

"थँक यू सर, बाय."

पडदा रिकामा झाला. समोर पट तसाच होता. नृसिंहरावांनी त्या बाईंचा राजा पुढे घेतला, मग प्यादं, आणि डाव बरोबरीत कसा सुटला असता ते मोठ्याने, शेवटच्या खेळीपर्यंत समजावून सांगितलं.