मास्तरांच्या पाठीखाली

मी निळी मॅट बोलतेय. व्यायामाची. दुकानातल्या थप्पीतून मला एका नर्सनं उचललं, ते तिच्या वडिलांसाठी.

वडील शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणत. उभा जन्म शिलाई मशीनवर वाकून गेलेला. पाठीला बाक आला होता, गुडघे कुरकुरत होते. एकदा खाली पडलेली कात्री घ्यायला ते वाकले आणि मटकन खालीच बसले. काही केल्या उठता येईना. त्यांच्या बायकोनं, बाईंनी, हात दिला, तर त्याच कोलमडल्या. शेवटी शेजाऱ्यांनी दोन्ही बगलांत हात घालून त्यांना उचललं. त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत.

"लागलं नाही गं," ते मुलीला म्हणाले, "पण लोकांनी उचलून ठेवायचं सामान झालोय मी."

मुलीनं मला जमिनीवर अंथरलं. "बाबा, रोज थोडं थोडं. पाठ ताणली की आखडलेपण जाईल. एका पायावर उभं राहिलात की तोल सुधारेल. पाण्याच्या बाटल्या उचला, दंडात जोर येईल. आणि जिना चढा-उतरा, म्हणजे दम वाढेल."

"हे सगळं मीच करायचं? तुझी आई काय करणार?"

"मी लक्ष ठेवणार," बाई स्टुलावर बसत म्हणाल्या.

तेव्हापासून माझे दिवस पालटले. मास्तर माझ्यावर पाठ टेकून कंबर उचलायचे आणि तोंड गच्च मिटून घ्यायचे. बाई ओरडायच्या, "अहो, श्वास सोडा! कुणी पळवून नेत नाही!" मास्तरांना हसू फुटे, कंबर धप्पकन माझ्यावर आदळे. पुढे पुढे बाईही स्टूल सोडून शेजारी हात-पाय ताणू लागल्या. त्यांना रात्री गाढ झोप लागू लागली.

एका सकाळी व्यायाम संपला आणि बाईंनी नेहमीसारखा हात पुढे केला.

"राहू दे," मास्तर म्हणाले.

ते कुशीवर वळले. गुडघा टेकला. माझ्यावर तळवा रोवला. मी सगळं बळ लावून तो धरून ठेवला. आणि मास्तर उठले! कुणाचाही आधार न घेता. बाई पदरात तोंड लपवून रडल्या.

आता दोघं पहाटे फिरायला जातात. मास्तर पोहायला शिकताहेत, या वयात! परत येतात ते ओल्या केसांनी, भांडत, हसत. मी कपाटामागे गुंडाळलेली. त्यांच्या पावलांचा आवाज नुसता ऐकते. पावलं दमदार पडतात. ऐकून ऊर भरून येतो आणि रितंही वाटतं.

मास्तर, खूप चाला, खूप पोहा. पण एखाद्या सकाळी, अगदी सहज, मला पुन्हा अंथराल का? व्यायाम नाही केलात तरी चालेल. नुसती पाठ टेका.