चार अधिक सहा, गुणिले नऊ

हो, मीच बोलतोय! पडद्यांच्या दुकानातला, कापड बेतायच्या टेबलावरचा, जाड बटणांचा कॅल्क्युलेटर. कारखान्यातून निघालो तेव्हाच माझा स्वभाव ठरला. सांगितलं की केलं, मागचंपुढचं बघत बसायचं नाही. म्हणून तर दुकानाच्या मालकांशी, बाबांशी, माझं जमलं. तेही तसेच, एक घाव दोन तुकडे!

बाबांचं मनगट दुखायला लागलं, कात्री पेलवेना, तेव्हा त्यांची लेक नोकरी सोडून दुकानात आली. बाबांना केवढा आनंद! तोंडाने मात्र, "बघू, किती टिकतेस."

तिची पहिलीच ऑर्डर. बाहेरच्या खोलीला चार पडदे, आतल्या खोलीला सहा, प्रत्येकाला नऊ फूट कापड. बाबा शिडीवरून ओरडले, "चार अधिक सहा, गुणिले नऊ!" तिने फोनवर हिशेब केला. अठ्ठावन्न. तेवढं कापड मागवलं. सहा पडदे झाले आणि कापड संपलं. तो रंग पुन्हा मिळेना.

"अगं, नव्वद फूट लागतं!" बाबांनी माझी बटणं दाबून दाखवली. चार अधिक सहा दहा, गुणिले नऊ नव्वद. मी छाती फुगवली.

"गुणाकार आधी करतात, बाबा. शाळेत शिकवतात. तुमचं यंत्रच अडाणी आहे."

अडाणी? मी?

"त्याने आजवर एक पडदा कमी पडू दिला नाही. तुझा शहाणा फोन बघ!"

"मग मी कशाला हवी इथे? जाते परत नोकरीवर." तिने पर्स उचलली. बाबांचा चेहरा उतरला. ती गेली तर शटर कायमचं खाली येणार, हे मलाही कळत होतं.

दारातून मात्र ती परत फिरली. "एकदाच उलट करून बघा. नऊ गुणिले चार अधिक सहा."

बाबांनी बटणं दाबली. मी नेहमीसारखी घाई केली. बेचाळीस. फोनवरही बेचाळीसच! नव्वद कोणाकडेच नाही. माझी सगळी ऐट उतरली.

बाबांनी दोन्ही आकडे पाहिले आणि त्यांना हसू फुटलं. "म्हणजे हा बिचारा मी बोलेन तसं करत होता. शहाणा कसला!"

"आणि मीही विचारलं नाही, आधी पडदे मोजायचे का," ती पुटपुटली.

बाबांनी बेतायचा खडू घेतला, टेबलावर चार अधिक सहा लिहिलं आणि दोन्ही बाजूंनी कंस काढले. "आता हे असंच लिहायचं. आणि जाऊ नकोस गं. तू नसलीस तर मला करमायचं नाही."

बाहेरच्या खोलीला दुसरा रंग शिवला. गिऱ्हाइकाने नाक मुरडलं, पण पडदे घेतले.

भांडणं अजून होतात, होऊ द्यात. पण लोकहो, आम्हा यंत्रांच्या नावाने खडे फोडण्याआधी, आधी काय करायचं ते एकमेकांना नीट सांगत जा. आम्हाला मनातलं कळत नाही हो.

माझे आकडे आता पुसट झालेत. इतकी वर्षं मी बाबांच्या उजव्या हाताला असायचो. कंस काढले त्या संध्याकाळी घरी निघताना त्यांनी मला उचललं, सदऱ्याने पुसलं आणि लेकीच्या हाताशी ठेवलं.