उसनं लुगडं

रत्नागिरीच्या कॉलेजातले ते दिवस आठवले की अजूनही जीव तिकडे धावतो. अजिंक्य, वेदिका आणि मी, असा आमचा संघ. जगभरच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या भागातल्या एका सामाजिक प्रश्नावर उपाय मांडायचा, अशी ती स्पर्धा, आणि अंतिम फेरी थेट क्वालालंपूरला! आम्ही मासळी वाळवायला पारदर्शक छपराची खोली सुचवली होती. वाळूवर पसरलेली सुकट अवकाळी पावसाच्या एका सरीत कुजते, हे मला कुणी शिकवायला नको होतं. जयगडला माझी आई सगुणा तेच काम करायची. आमच्या व्हिडिओतही तीच होती.

आणि कॅमेऱ्यासमोर आली ती नारळी पौर्णिमेच्या थाटात. जरीचं हिरवं लुगडं, गळ्यात मोहनमाळ, अंबाड्यावर अबोलीचा गजरा. आमच्या वाडीत फोटो म्हटला की बाई अशीच उभी राहते. वर हसत हसत सुकट पसरतेय!

स्पर्धेच्या परदेशी मार्गदर्शक बाई ऑनलाइन म्हणाल्या, "छान आहे. पण यांना मदतीची गरज आहे असं वाटत नाही."

अजिंक्यने लगेच फर्मान काढलं, "पुन्हा शूट करू. काकूंना फाटकं काहीतरी नेसायला सांग."

मला जिंकायचं होतं, अगदी जीव तोडून. मी जयगडला जाऊन आईला सांगितलं.

"फाटका कुठनं आणू गो? सगळी जुनी लुगडी गोधडीत गेली." मग माझा पडलेला चेहरा बघून ती मोहनमाळ काढायला लागली. "थांब, शेजारच्या हिराकडे असंल एकादा. मागून आणते. तुजा नंबर येऊंदे."

लग्नाला उसने दागिने आणणाऱ्या बायका मी पाहिल्या होत्या. उसनी गरिबी आणायला निघालेली माझीच आई पहिली, आणि तीही माझ्यासाठी. मला रडूच कोसळलं. "काय नको! घाल ती परत," मी ओरडले.

अजिंक्य भडकला, "गेलं आता बक्षीस," म्हणाला. क्वालालंपूरला तोच व्हिडिओ दाखवला, परीक्षकांनीही विचारलं, यांना खरंच मदतीची गरज आहे का? वेदिका म्हणाली, "छप्पर सुकटीला हवंय. नटणं त्यांचं त्यांना येतं." सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. नंबर काही आला नाही.

हॉटेलातून आईला फोन लावला. नंबर आला नाही, हे सांगता सांगता हुंदका फुटला.

"माका बगितलानी त्या लोकांनी?"

"बघितलानी."

"मग रडतेस कशाला? भीक मागायला गेलो होतो काय आपण?"

आई गेली त्याला आता वर्ष होईल. तिचा हलताबोलता असा तेवढा व्हिडिओच आमच्याकडे उरलाय. परवा तो मी ग्रुपवर टाकला. अजिंक्यने खाली लिहिलं, "बरं झालं, तू माझं ऐकलं नाहीस."

मेल्याला इतक्या वर्षांनी तरी कळलं.