हौदातली वळवळ

मित्रांनो, दोंडाईच्याच्या एका अंगणात, निंबाखाली बसलेला मी जुना सिमेंटचा हौद. पुना मिस्त्रीने मला बांधले, तेव्हा घरच्या सुंदरबाईंनी मला हळदकुंकू लावले होते. आमच्या गल्लीत नळ आठवड्याने येतो. मे महिन्यात शेजारणी घागरी घेऊन येत आणि म्हणत, "सुंदरअक्काना हौदनं पानी कसं थंडगार शे!" ते ऐकून मला धन्य वाटे.

मग माझे झाकण फुटले. सुंदरबाईंच्या मुलाने, भूषणने, वर अर्धवट पत्रा टाकला आणि तो विसरून गेला. फटीतून डासाची एक मादी आत आली. पाण्याच्या कडेला, माझ्या ओल्या भिंतीवर तिने काळी बारीक अंडी चिकटवली.

अळ्या मी आधीही पाहिल्या होत्या. थंडीत त्या सुस्त असत, डास व्हायच्या आत पाणी संपून जाई. पण हे ऑक्टोबरचे ऊन होते. पत्रा तापे, पाणी कोमट होई आणि अळ्या रोज सकाळी मोठ्या झालेल्या दिसत. उजेडात त्या श्वास घ्यायला वर येत, सावली पडली की झर्रकन तळाशी जात. मावळतीला पाण्यावर कोष फुटत आणि पंख वाळवून डास घराच्या दाराकडे उडत. मला ओरडता येत नव्हते. ऊन कलू लागले की मला धडकी भरे.

भूषणची बायको सुलक्षणा गरोदर होती. सकाळी ती माझ्याजवळ भांडी घासायला बसे आणि सारखे पाय खाजवी. एके दिवशी कळशी भरता भरता ती खालीच बसली. "आई, डोया दुखी ऱ्हायनात," ती डोळे दाबत, कण्हत म्हणाली. अंग तापले होते. भूषणने तिला गाडीत घालून धुळ्याला नेले. डेंग्यू निघाला. बाळाचे काय होईल, हे डॉक्टरही सांगेनात.

दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्राची आशाताई नूतन घरातले पाणी तपासायला आली. तिने पत्रा उचलला आणि तिचा चेहराच उतरला.

"अक्का, हौद रिकामा करा. आत्ताच."

"बठ्ठं पानी फेकी दिसूत तं पिवानं काय?" माझ्या काठावर हात ठेवून सुंदरबाई म्हणाल्या.

"हे कोष बघा, काळे पडलेत. आज संध्याकाळी उडतील. शेजारी तान्ही पोरं आहेत, अक्का."

सुंदरबाईंनी डोळे मिटले. मग स्वतःच बादली उचलली आणि पाणी तापल्या मातीवर ओतले. अळ्या तडफडल्या आणि वाळल्या. दोघींनी माझ्या भिंती काथ्याने खरवडल्या. पण त्याआधी कित्येक डास उडून गेले होते. गल्लीत कुणी तापाने कण्हले, तरी मी आतून हादरे.

दिवाळीनंतर सुलक्षणा भिंत धरत धरत घरी आली. सुंदरबाईंनी तिच्या पोटावर हात ठेवला. बाळ हलले, तशा त्या रडू लागल्या.

आता मला नवे झाकण आहे. पण पलीकडच्या ओट्यावर कुणाचा तरी कूलर पाण्यासकट पडून आहे आणि मावळतीला तिकडून गुणगुण येते. मित्रांनो, आठवड्यातून एकदा तुमच्या घरचे हौद, माठ, कूलर घासा, कोरडे करा, झाकून ठेवा. उद्यावर टाकू नका. सुलक्षणाचे दिवस भरत आलेत.