गोगलगाईच्या पडद्याचा जळफळाट

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. होतो म्हणा हवं तर. सध्या माझा मुक्काम कुठे आहे आणि मी कुणाला मिठी मारून बसलो आहे, ते शेवटी सांगेन. आत्ताच सांगितलं तर तुम्ही हसाल, आणि माझ्यासारख्या खानदानी कापडाला हसू सोसत नाही.

हो, खानदानीच! एका नाट्यगृहासाठी रंगमंचाचा पडदा शिवायचं काम एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे आलं होतं. किरमिजी मखमल. कापड इतकं लांब, की त्यांनी उलगडायला घेतलं तेव्हा घरातली मांजर गाभण होती आणि दुसरं टोक सापडलं तेव्हा तिची पिल्लं उंदीर धरत होती. खोटं वाटतं? मांजरीला विचारा. तो पडदा रंगमंचावर गेला. शेवटी जो तुकडा उरला तो मी. म्हणजे रंगमंचावरचा तो माझा सख्खा थोरला भाऊ. तो उघडला की हजार माणसं टाळ्या वाजवतात. आणि मी? मी त्या बाईंच्याच दारात अडकलो. माझ्या पुढे दुकान, माझ्या मागे घर. टाळ्या नाहीत, काही नाही. मत्सर तेव्हापासून माझ्या उभ्या-आडव्या धाग्यांत विणलेला आहे. कितीही धुवा, जात नाही.

माझ्याशेजारी भिंतीला एक पितळी खुंटी होती. मला बाजूला ओढून बांधून ठेवायला. ती चौदा वर्षं रिकामीच राहिली, आणि त्याचा मला अभिमान होता.

कारण मागच्या बाजूला माझं एक माणूस होतं. बाईंची मुलगी.

मला टांगलं तेव्हा ती रांगत होती. तीन वर्षांची असताना एका गिऱ्हाइकाने तिचा गालगुच्चा घेतला, आणि ती धावत येऊन माझ्या चुण्यांत शिरली. माझ्या चुण्या तेव्हा अशा भरदार होत्या, की हत्ती शिरला असता तरी त्याची शेपटी शोधत बसावं लागलं असतं. त्या दिवशी मला कळलं, की आपल्यालाही कुणीतरी आहे. पुढे पाहुणे आले की ती माझ्यामागे, गिऱ्हाईक आलं की माझ्यामागे. तिच्या मावशीने तिचं नाव ठेवलं गोगलगाय. "गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात," मावशी म्हणायची, "पण आमच्या हिचे पाय पोटातून बाहेर निघतील तर शपथ!" मोठी झाल्यावर ती माझ्यामागे बसून बटणं लावी, इस्त्री करी, तयार कपड्यांची पुडकी बांधून त्यांना रंगीत फिती लावी. दुकानातून आई "पुडकं!" म्हणाली, की माझ्या कडेने फक्त एक हात बाहेर यायचा. एका परिचारिकेने तर एकदा विचारलं होतं, "बाई, हा हात पगारी आहे की घरचा?"

माझ्यात कसरीने केलेलं एक भोक होतं. गोगलगाय त्यातून दुकान बघायची. तिची उंची वाढली, भोक होतं तिथेच राहिलं, म्हणून मग ती गुडघे वाकवून बघू लागली. मला त्यात काही गैर वाटलं नाही. मित्रांनो, खरं सांगतो, मला ते फार गोड वाटायचं.

पंधराव्या वर्षी मात्र ती शाळेच्या फाटकापासून परत येऊ लागली. तोंडी परीक्षेच्या दिवशी तिच्या पोटात कळ यायची. ती कळ खोटी नव्हती. ती माझ्यावर कपाळ टेकून उभी राहायची तेव्हा तिच्या छातीची धडधड मला शिलाई मशीनसारखी ऐकू यायची. एकदा शाळेतल्या समुपदेशक बाई घरी आल्या. गोगलगाय अर्थातच माझ्यामागे. त्या बाईंनी तिला बाहेर बोलावलं नाही, की मला हातही लावला नाही. माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "भीती वाटणं हा गुन्हा नाही गं. इंटरनेटवर एक कार्यक्रम आहे, आठ आठवड्यांचा. घरी बसून, आपला आपण करायचा. तिकडे एक ताई आहे, ती आठवड्यातून एकदा लिहिते. बघतेस करून?"

माझ्या कडेने हात बाहेर आला आणि त्याने बाईंनी पुढे केलेला, कार्यक्रमाचा पत्ता लिहिलेला कागद घेतला.

झालं! घरात सवत आली म्हणायची.

मावशीचा जुना लॅपटॉप टेबलावर येऊन बसला. चपटा, करडा, कडेला चिकटपट्टी. आणि त्याच्या काचेलाही म्हणे पडदाच म्हणतात! कसला पडदा? ना चुणी, ना पोत, आडोसा मुंगीलाही मिळायचा नाही. पण गोगलगाय शाळेतून आली की माझ्याकडे पाठ करून त्याच्यापुढे बसायची. चौदा वर्षांत तिची पाठ मी पहिल्यांदा पाहिली.

माझा जळफळाट झाला. खिडकीतल्या वाऱ्याची मदत घेऊन मी दोनदा फुगून त्या डबड्यावर जाऊन पडलो. एकदा त्याच्या कळफलकाच्या कळा माझ्याखाली दाबल्या गेल्या आणि त्या ताईला माझ्याकडून 'पपपपपपप' असं पत्र गेलं. ताईने उत्तर पाठवलं, "हे वाचून मजा वाटली. आता मनातलं लिही." माणूस चिडतसुद्धा नाही! अशा शत्रूशी भांडायचं तरी कसं?

तो कार्यक्रम तिला एका वहीत दोन रकाने करायला सांगायचा. डावीकडे 'अंदाज', उजवीकडे 'घडलं ते'. मग एखादं लहानसं काम. पहिल्या आठवड्यात तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून दोऱ्याची रिळं आणली. डावीकडे लिहिलं होतं, 'माझा आवाज फुटणार नाही, दुकानदार हसेल.' आल्यावर उजवीकडे लिहिलं, 'आवाज फुटला नाही. दुकानदार म्हणाला, काय? मी पुन्हा सांगितलं. त्याने रिळं दिली.' एवढंच. आणि एवढ्यावर ती स्वतःशी हसली. मी तिला चौदा वर्षं लपवलं होतं, मित्रांनो. माझ्याकडे बघून ती कधी अशी हसली नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात मात्र माझं नशीब उघडलं असं मला वाटलं. ताईने लिहिलं होतं, 'भीती वाटली की तू कशाकशाचा आधार घेतेस? यादी कर.' गोगलगाईने पेन चावलं, माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्या क्रमांकावर लिहिलं: पडदा.

पहिला क्रमांक! दुसरी पोटदुखी, तिसरं केस चेहऱ्यावर आणणं, पण पहिला मी! मी असा ताठ झालो की कड्या वाजल्या. थोरल्या भावाला आता तोंड दाखवायला जागा कुठे? त्याला टाळ्या मिळतात, पण कुणाच्या यादीत पहिला आहे का तो?

चौथ्या आठवड्यात कळलं, ती यादी हळूहळू सोडून द्यायच्या गोष्टींची होती.

त्या दिवसापासून मी इस्त्रीची वाफ लागली तरी सैल पडेनासा झालो. ती मला बाजूला सारायला आली की माझी कडी दांडीत अडकायची. "आई, हा सरकतच नाही!" ती म्हणायची. आई म्हणायची, "म्हातारा झालाय. मेण लाव जरा." मेण! मला!

तरी ती शिडी चढतच होती. कार्यक्रमात भीतीची शिडी करायची असते. खाली सोपी कामं, वर अवघड. तोंडी परीक्षेची पायरी सगळ्यांत वर, आणि परीक्षा पुढच्या महिन्यात होती. ती दिली नाही तर वर्ष वाया. तिच्या खालच्या पायरीवर गोगलगाईने लिहिलं होतं: 'सगळे बघतील असं काहीतरी मोठ्याने बोलणे.' त्या पायरीशी येऊन ती दोन आठवडे थांबली. ताईची पत्रं यायची, ती वाचायची, आणि येऊन माझ्यामागे गुडघे वाकवून उभी राहायची. मी मनात म्हणालो, आली ना परत? मी जिंकलो!

आणि मग तो कोटाचा दिवस आला.

आईची एक सवय तुम्हाला सांगायला हवी. कपडा अंगावर बसवताना ती सात-आठ टाचण्या ओठांत धरते. त्या वेळात तिच्या तोंडून फक्त 'हूं' निघतो. बाकीचं बोलणं भुवयांनी. एक भुवई वर म्हणजे हात उचला, दोन्ही वर म्हणजे पोट आत घेऊ नका, मला खरं माप हवंय. त्या दिवशी सकाळी तीच परिचारिका उभी होती, नव्या गणवेशाची बाजू उसवलेली, ती आईने दोन्ही हातांनी धरलेली, ओठांत टाचण्या. तेवढ्यात गायनशिक्षक घाईघाईने आत आले. पिंपासारखे गोल गृहस्थ.

"बाई, कोट झाला ना? संध्याकाळी कार्यक्रम आहे परगावी. माझी बस आलीच समजा!"

आईने कोपराने तयार पुडक्यांची फळी दाखवली. त्यांनी एक पुडकं उचललं, काखेत मारलं आणि निघाले.

हिरवी फीत! गोगलगाईने भोकातून पाहिलं. फिती तिनेच लावल्या होत्या. निळी फीत गायनशिक्षकांची. हिरवी होती हॉटेलातल्या वाढप्याची, आणि तो वाढपी असा बारीक, की त्याच्या कोटात गायनशिक्षकांचा एक हात मावला तरी नवल. पहिल्याच वरच्या सुराला बटणं बंदुकीच्या गोळ्यांसारखी उडाली असती आणि पुढच्या रांगेतला एखादा जायबंदी झाला असता.

"आई," ती माझ्यामागून म्हणाली, "हिरवं नेलं त्यांनी! ते वाढप्याचं आहे!"

आईचे डोळे विस्फारले. हात अडकलेले, तोंडात टाचण्या. "हूंऽऽ!" आई म्हणाली. "हूंऽऽ! हूंऽऽ!" त्या हूंचा अर्थ बहिऱ्यालाही कळला असता. धाव!

गोगलगाय निघाली. आणि मित्रांनो, आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगतो जी मी कुणालाच सांगितलेली नाही. तिच्या बाहीचं बटण माझ्या त्या भोकात अडकलं. वाऱ्याने अडकलं असं मी पुढे इस्त्रीला सांगितलं. ते खोटं. मी धरलं तिला. जाऊ नको, मी म्हणालो. बाहेर लोक आहेत, ते बघतील. इथे मी आहे ना!

ती थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. धडधड मला ऐकू येत होती, मशीन भरधाव सुटल्यासारखी. एक क्षण मला वाटलं, राहिली.

मग तिने हात ओढला.

टर्रर्र! भोकापासून खालपर्यंत मी उभा फाटलो. त्या फटीतून ती बाहेर पडली, परिचारिकेच्या शेजारून, उंबरठ्यावरून, एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्यात आईची. आणि मी, ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना काही दिसू नये एवढंच काम केलं, त्याने त्या उघड्या दारातून सगळं पाहिलं. समोरच्या बसथांब्यावर रांग होती. गायनशिक्षक रांगेच्या टोकाला.

"अहो!" गोगलगाय ओरडली. "अहो, गाणारे सर! कोट! चुकीचा कोट नेलात!"

सगळी रांग वळली. भाजी निवडणारी एक बाई गॅलरीतून वाकली. एक कुत्रासुद्धा उठून बसला. गोगलगाय रस्त्याच्या मधोमध माझ्यापेक्षा लाल होऊन उभी होती, पण उभी होती. गायनशिक्षक धापा टाकत आले, निळं पुडकं घेऊन परत पळाले, आणि जाता जाता म्हणाले, "पोरी, तुझा आवाज वरच्या पट्टीत चांगला लागतो हं!"

ती आत आली तेव्हा परिचारिका म्हणाली, "बाई, हा त्या हाताचा आवाज का?"

आईने ओठांतल्या टाचण्या एक एक करून उशीत टोचल्या. घाई केली नाही. मग म्हणाली, "दोन पायांत दोन जोडांच्या चपला घालून गेलीस गं," आणि गळ्यातल्या मापाच्या टेपेनेच डोळे पुसले.

गोगलगाईने वही उघडली. डावीकडे आधीपासून लिहिलेलं होतं, 'सगळे बघतील.' उजवीकडे तिने लिहिलं, 'सगळ्यांनी बघितलं. मग बस आली.'

तोंडी परीक्षेला ती गेली. अडखळली, थांबली, पुन्हा बोलली, पास झाली. कार्यक्रमाचं शेवटचं पान तिने मोठ्याने वाचलं तेव्हा मी खुर्चीवर घडी होऊन पडलो होतो. त्यात लिहिलं होतं, 'भीती पुन्हा येईल. तेव्हा वही उघड. आता मला बंद केलंस तरी चालेल.'

ते ऐकून मला जो हेवा वाटला, तसा थोरल्या भावाचाही कधी वाटला नव्हता. चौदा वर्षांत हे एक वाक्य मला सुचलं नाही.

फाटका पडदा दारात कोण ठेवणार? आई म्हणाली, "पायपुसणं करू." गोगलगाय म्हणाली, "नको, तो माझा आहे." तिने स्वतः मला बेतलं, कापलं, शिवलं. मखमल आत, टीप बाहेर, एका बाजूला बटण. बटण तेच, बाहीचं. मित्रांनो, आता हसून घ्या. मी त्या लॅपटॉपची पिशवी झालो आहे! रोज त्या सवतीला पोटाशी धरून मी वाचनालयात जातो, बसमध्ये बसतो, धक्के खातो. तिच्या कडेची चिकटपट्टी मला टोचते. आमचं अजूनही पटत नाही. पण बटण उघडून ती बाहेर निघाली की आजूबाजूला माणसं असतात, आणि गोगलगाय त्यांच्याशी बोलत असते.

तर मित्रांनो, एवढं ऐका. तुमच्या घरी पडदा असेल तर त्याला वर्षातून दोनदा धुवा, उन्हात घाला, कसर लागू देऊ नका. आणि भीती वाटेल तेव्हा त्याच्यामागे खुशाल जा, त्याला बरं वाटतं. फक्त भिंतीवरची ती खुंटी रिकामी ठेवू नका. सकाळ झाली की त्याला बाजूला बांधा. तो कुरकुरेल, कडी अडकवेल, म्हातारपणाचं सोंग आणेल. तुम्ही ऐकू नका. मी पडदा आहे, आम्हा लोकांना मी चांगला ओळखतो.