साठ बोऱ्यांची माडी

अंजनाने पाण्याने काठोकाठ भरलेला पेला माडीच्या लाकडी फळ्यांवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकली.

"चाला बाबाजी. इकडून तिकडं, नेहमीसारखे."

महागू हसले. पंचाहत्तरीच्या माणसाला टाइल्स बसवणारी बाई त्याच्याच घरात चालायला लावते, याची त्यांना गंमत वाटली. माडीवर त्यांचा भारी जीव. खैरलांजीच्या शेतातलं धान इथेच साठवून त्यांनी लेकीचं लग्न उरकलं होतं, आणि हे त्यांच्याकडून ऐकलं नाही असा माणूस बालाघाटात शोधून सापडला नसता.

"साठ बोरे धान राहे इथं. तुह्या न्हाणीघराच्या टाइल्सचं वजन ते काय?"

"बोरा एका जागी बसून राह्यते, बाबाजी. माणूस चालते. टाइलले वजनाचं भेव नाही, हालण्याचं हाये."

महागू ऐटीत चालले. चौथ्या पावलाला पेल्यातलं पाणी सांडलं.

"दुसरा मिस्तरी दोन दिवसांत लावून देते म्हणे," ते जरा घुश्शात म्हणाले.

"देते ना. सहा महिन्यांत टाइल फुटते आन् पाणी खालच्या दुकानात. मंग मले बोलवा."

त्यांना घाई होती, आणि त्या घाईचं कारण लामत्याला, लेकीच्या गावी होतं. चार महिन्यांपूर्वी त्यांची बायको गोदाबाई पहाटे खाली अंगणातल्या न्हाणीत जायला निघाली आणि जिन्याच्या तोंडाशीच पडली. खुबा मोडला, ऑपरेशन झालं. आता काठी घेऊन चालत होती, पण लेकीच्या घरी. पडल्या दिवसापासून ती एकच सांगत होती, की पायाखालची माडी हालली. त्यावर सगळ्यांच्या आधी हसले ते महागू. मग लेक दीप्तीने आईला चक्कर आली असं ठरवून टाकलं, जावई राकेशने तिच्यासाठी गोळ्या आणल्या, आणि चक्कर येणाऱ्या बाईला माडीवर ठेवायचं नाही यावर घरातल्या सगळ्यांचं एकमत झालं. एकट्या गोदाबाईचं सोडून. खालचा मजला दुकानाला भाड्याने दिलेला, तेव्हा वरच न्हाणीघर करायचं, म्हणजे जिना उतरायला नको आणि लेक तिला परत पाठवेल, असा महागूंचा बेत होता. चार महिने घर त्यांना खायला उठत होतं.

अंजना गुडघ्यांवर बसली. हातोडीच्या दांड्याने एकेक फळी ठोकत आणि कान देत ती पुढे सरकू लागली. बऱ्याच फळ्यांवर ती खूश दिसली. सागवान अस्सल होतं. त्यावर चौकटी मारायच्या, मग जाड प्लाय, खिळ्यांऐवजी स्क्रू, वरून पाणी न झिरपणारा लेप, मग टाइल्स. तीन दिवस जास्त लागतील, असं तिने काम न थांबवता सांगून टाकलं.

जिन्याच्या तोंडाशी, न्हाणीघराचं दार यायचं होतं तिथे, ती थांबली. फळीच्या टोकावर तिने तळहात दाबला. टोक खाली गेलं. खिळा तिने नुसत्या बोटांनी उपसून काढला, फळी उचलली आणि महागूंना जवळ बोलावलं. वाळवीने टोक खाऊन टाकलं होतं.

"हे टोक तुळईवर टेकतच नाही. इथं पाय पडला का माणूस सरळ जिन्यात." तिने वर पाहिलं. "इथंही बोरे ठेवत होते का?"

"जिन्याच्या तोंडाशी कोण बोरे ठेवीन?" महागू म्हणाले, आणि बोलता बोलताच त्यांना आठवलं, गोदाबाई पडली ती इथेच.

त्यांना लाज वाटली, खरीखुरी, अंगाला झोंबणारी. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला.

"गोदा, तुले चक्कर नव्हती आली. फळी हालत होती."

"मी काय सांगत होती मंग?"

"हौ."

"थांबा जरा." काठीचा आवाज आला, मग तिची हाक. "दीप्ती, इकडं ये. जावईबुवालेही बोलाव. फोन स्पीकरवर कर." आणि मग पुन्हा, अगदी शांतपणे, "हं. आता सांगा."

महागूंनी मोबाइल कानापासून दूर धरला. ते पाहून अंजनाने हात पुढे केला.

"द्या बाबाजी, मी सांगतो."

"नको बाई. हे मलेच सांगा लागन."

ते उठून उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं, खालच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांनीही मान वर करून पाहावं इतक्या जोरात.