नटावरचा लाल ठिपका

घरात विमान बांधायचं म्हणजे आधी घराची वाट लावायची, असं ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. बैठकीच्या खोलीतलं टेबल गेलं आणि तिथे डावा पंख आला, उजवा भिंतीला टेकला, आणि शेपटीचं सुकाणू तर वर्षभर तिच्या पलंगाखाली मुक्कामाला होतं. केर काढताना दर वेळी तिचं डोकं त्याला आपटायचं. "याच्यापेक्षा सवत आणली असतीत तर बरं झालं असतं, निदान भांडी तरी घासली असती तिने," ती म्हणायची. नवरा चष्मा कपाळावर सरकवून हसायचा आणि पुन्हा कामाला लागायचा.

नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं, म्हणून सगळे त्यांना चष्मेवाले म्हणत. विमानातला त्यांचा जोडीदार म्हणजे ताईचा धाकटा भाऊ, बारक्या. नाव बारक्या, पण दारातून आत यायचा तो वाकूनच. शेतांवर औषध फवारणारी विमानं चालवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. चष्मेवाल्यांनी बांधायचं आणि बारक्याने उडवायचं, असं ठरलेलं. दोघं दिवसभर मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकमेकांचा उद्धार करायचे आणि जेवायला मात्र एकमेकांसाठी थांबायचे. ताईही काही नुसती बघत बसली नव्हती. पंखांवरचं कापड तिने ताणलं होतं, आतल्या बरगड्यांना टाके तिने घातले होते, आणि त्यातला एक टाका जरी उसवला तर पुन्हा सुईला हात लावणार नाही, अशी तिची घमेंड होती.

शेडमध्ये एक नियम होता आणि त्यापुढे कुणाचं काही चालायचं नाही. ज्याने नट आवळला त्याने तो पास करायचा नाही. दुसऱ्याने यायचं, पाना लावून बघायचं, सगळं ठीक असेल तरच नटावर लाल ठिपका द्यायचा. ठिपका ताईच्या नेलपॉलिशचा. बाटली खिळ्यांच्या डब्याशेजारी असायची, आणि ताईची नखं बिचारी कोरीच राहायची. ठिपका दिसला की त्या नटाकडे पुन्हा बघायचं नाही. "नाहीतर म्हातारपणीसुद्धा नटच बघत बसू आणि उडायला दुसरं कुणीतरी जाईल," बारक्या म्हणायचा.

असं सगळं छान चाललं होतं आणि मग चष्मेवाले विसरायला लागले.

आधी दुकानात. एकाच्या नंबराची भिंगं दुसऱ्याच्या फ्रेममध्ये बसली. गिऱ्हाईक तावातावाने आलं, तेव्हा ताई मध्ये पडली आणि पाकिटं माझ्याच हातून बदलली म्हणाली. मग रस्ता विसरले, मग शेजाऱ्याचं नाव. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि तो मागे फिरणारा नाही, हेही सांगितलं. हातांना काम असू द्या, एवढाच काय तो इलाज. दुकान बंद झालं. शेड उरली. आणि नवल असं की शेडमध्ये पाऊल ठेवलं की माणूस पूर्वीसारखा व्हायचा. कुठली केबल कुठल्या चाकावरून जाते, दांडा इतका हलवला की पंखाची फळी किती उचलली पाहिजे, सगळं तोंडपाठ. बाहेर आले की मात्र बुटाची नाडी हातात धरून उभे राहायचे. ताईला ते बघवायचं नाही.

मग एक दिवस बारक्याला शेपटीच्या पोकळीत, केबलच्या अगदी अंगाला, पेचकस पडलेला सापडला. त्याने तो भाऊजींना दाखवला नाही. ताईला मागच्या पायरीवर गाठून तिच्या मांडीवर ठेवला.

"हा वर असताना केबलमध्ये अडकला असता तर?"

"अरे, राहिला असेल चुकून."

"चुकूनच राहिला गं. पण ताई, आता आणखी एक चूक झाली तर मी भाऊजींना विमानाला हात लावू देणार नाही. मग तू रड, नाहीतर माझ्याशी बोलणं टाक."

"त्यांच्याकडून ही शेड काढून घेतलीस तर त्यांचं काय उरेल रे?"

"आणि मी नाही उरलो तर?"

एका हाताला नवरा, दुसऱ्या हाताला भाऊ. तिने पेचकस पदराला पुसला आणि गुपचूप जागेवर नेऊन ठेवला.

विमान पुरं झालं. तपासनीस आला, चार ठिकाणी वाकून बघून गेला, कागद मिळाला. गावाबाहेरच्या धावपट्टीवर बारक्याने ते नुसतंच जमिनीवर पळवून पाहिलं आणि तोंड वाकडं करून परत आला. दांडा डावीकडे जड जात होता. म्हणून विमान शेडमध्ये परत आणून डाव्या पंखाखालचं झाकण पुन्हा उघडलं. आत एक सांधा असतो. दांड्यापासून निघालेली सळई तिथे येऊन पंखाच्या मागच्या कडेच्या फळीला ढकलते, फळी वर-खाली होते, विमान कलतं. सगळं कलणं त्या एका बोल्टावर. बोल्टाच्या नटाला खाचा असतात आणि त्यांतून आरपार एक बारीक पिन घालून ती दुमडायची असते. पिन नसली तर नट कितीही आवळा, हादऱ्यांनी फिरत फिरत कधीतरी निघून जाणारच. हे त्या दोघांना पक्कं माहीत होतं. ताईला कापड माहीत होतं.

बारक्याने सांधा ढिला केला, सळई थोडी आत घेतली, नट आवळला. त्या मापाच्या पिना मात्र संपल्या होत्या.

"भाऊजी, पिना दुपारी येतील. आल्या की घाला, नीट बघा आणि ठिपका द्या. झाकण मी उद्या लावतो."

"मला शिकव आता तू!" चष्मेवाले म्हणाले.

जेवताना बारक्याने विचारलं, "डाव्या सांध्याचं झालं का?"

"झालं की," चष्मेवाले म्हणाले. फार पटकन म्हणाले. ताईने वर बघितलं. औषध घेतलंत का विचारलं की हेच 'झालं की' यायचं, आणि गोळी टेबलावर तशीच असायची.

सकाळी बारक्या यायच्या आधी ती शेडमध्ये गेली. पंखाखाली पाठीवर झोपून तिने बॅटरी मारली. नट कोरा. एका बाजूला पिनांची पुडी पडली होती, तिच्याकडे तिचं लक्षही गेलं नाही. आता बारक्या येणार, झाकणातून बघणार आणि त्याने जे बजावलं होतं ते करणार. मग हे दिवसभर खुर्चीत बसून भिंतीकडे बघत राहणार. तिने पाना घेतला, नटाला लावला, जोर केला. नट जागचा हलला नाही. घट्ट तर आहे! म्हणजे बघितलं असणार यांनी, फक्त रंग द्यायचा राहिला. माणसाला जे हवं असतं ते पटायला कितीसा वेळ लागतो? तिने नेलपॉलिशची बाटली उघडली आणि नटावर ठिपका दिला.

बारक्या आला, वाकला, बॅटरी मारली, ठिपका पाहिला. "शाब्बास, भाऊजी!" म्हणत त्याने चष्मेवाल्यांच्या पाठीवर अशी थाप दिली की त्यांचा चष्माच खाली आला. ते इतके खूश झाले, इतके खूश झाले की ताईला तिथेच रडू आलं. झाकण बसलं.

पहिल्या दिवशी बारक्या विमान घेऊन वर गेला, एक फेरी मारून उतरला. दुसऱ्या दिवशी जरा जास्त वेळ. उड्डाणाची चाचणी कशी घ्यायची ते चष्मेवाल्यांनी ठरवलं होतं. ते धावपट्टीच्या कडेला हातात रेडिओ घेऊन उभे राहायचे आणि वर सांगायचे, आता दांडा थोडा डावीकडे, सोड, आपोआप सरळ होतंय का बघ, आता उजवीकडे, आता वेग कमी करून विमानाचं नाक वर धर. बारक्या वरून, "होय मास्तर," म्हणायचा. ताई शेजारी थर्मास घेऊन बसायची. कितीतरी दिवसांनी तिला वाटलं, चला, निभावलं.

तिसऱ्या दिवशी जास्त कलवून वळणं घ्यायची होती. वारा होता, पण फार नाही. उजवीकडची वळणं झाली. डावीकडचं एक झालं. दुसऱ्या वळणात विमान कललं आणि कललेलंच राहिलं.

"भाऊजी," रेडिओवर बारक्याचा आवाज आला, "डावी फळी सुटलीय. नुसती फडफडतेय."

ताई उठून उभी राहिली. चष्मेवाले हलले नाहीत.

"घाबरू नकोस. दांडा सावकाश उजवीकडे घे, झटका देऊ नको. उजवी फळी अजून तुझी आहे. बाकीचं पायाने कर, सुकाणूने. येतंय का सरळ?"

"येतंय. हळूहळू येतंय."

"लांबून ये. वेग अजिबात कमी करायचा नाही. वळण मोठं घे, पायानेच."

एक शब्द चुकला नाही त्यांचा. दुकानाचा पत्ता न आठवणारा तो माणूस त्या दहा-पंधरा मिनिटांत जराही अडखळला नाही, आणि ताई वेड्यासारखी एकदा आभाळाकडे आणि एकदा त्यांच्या तोंडाकडे बघत होती. बारक्याने विमान अगदी धावपट्टीवर आणलं. चाकं टेकणार तेवढ्यात कडेने वारा आला, डावा पंख खाली गेला आणि तो उचलायला त्या बाजूला काही नव्हतंच. पंख जमिनीत रुतला, विमान उलटं झालं.

बारक्या वाचला. कमरेखालचं मात्र गेलं.

इस्पितळात त्याने बोलायला सुरुवात केली ती सांध्यापासूनच. चौकशीवाल्यांनी पंख उघडून पाहिला होता. बोल्ट निसटलेला, नट पंखाच्या पोकळीत पडलेला, त्यावर लाल ठिपका तसाच. पिन कधी घातलेलीच नव्हती. पिनांची पुडी शेडमध्ये सापडली, न फोडलेली.

"ठिपका मी माझ्या डोळ्यांनी बघितला होता, भाऊजी," बारक्या छताकडे बघत म्हणाला. आवाजात राग नव्हता, आणि तेच ताईला सोसवेना.

चष्मेवाले कॉटच्या पायथ्याशी उभे होते. ते आठवायचा प्रयत्न करत होते, ते दिसत होतं. कपाळाच्या शिरा ताणल्या होत्या. "मीच दिला असेन," ते शेवटी म्हणाले. "दुसरं कोण देणार? पिन न घालताच दिला. अरे देवा."

"मी दिला," ताई म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. तिने सगळं सांगितलं, कोरा नट, पाना, बाटली, काहीएक न लपवता. बोलून झाल्यावर ती वाट बघत राहिली, आता बारक्या ओरडेल, तोंड फिरवेल, काहीतरी करेल. त्याने डोळे मिटले.

"पुरे कर, ताई. दुकानात भिंगं बदलली तेव्हाही तूच पुढे झाली होतीस. मला माहीत नाही का तू?"

"अरे, शप्पथ सांगते! तुझ्या गळ्याशप्पथ, बारक्या!"

"राहू दे गं," चष्मेवाले तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "किती वेळा माझ्यासाठी खोटं बोलशील? एवढं तरी माझं मला घेऊ दे."

तिने आणखी सांगितलं, रडून सांगितलं, चिडून सांगितलं. जितकं सांगावं तितकी त्यांना तिची दया यायची. चौकशीवाल्या साहेबाने तर तिला पाणी दिलं आणि, "असा जोडीदार मिळायला भाग्य लागतं," म्हणाला. त्याच्या थोबाडीत मारावी असं तिला वाटलं.

चष्मेवाल्यांनी त्यानंतर शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. खुर्चीत बसले ते बसलेच. मग एकेक करून सगळं गेलं. दुकान गेलं, घराचा पत्ता गेला, भिंगांचे नंबर गेले, विमान कशाने उडतं तेही गेलं. सगळं विसरायचं तर हेही विसरतील, अशी ताईने आशा धरली होती. देवाला तेवढंही जमलं नाही. रोज सकाळी उठले की पहिला प्रश्न तोच.

"तो उंच मुलगा चालायला लागला का?"

"नाही अजून."

"माझ्यामुळे झालं ते. पिन घालायची मीच विसरलो."

आणि रोज सकाळी ताई त्यांच्यापुढे खाली बसायची, त्यांचे दोन्ही हात धरायची आणि पहिल्यापासून सांगायची. तुमचा दोष नाही. मी गेले होते सकाळी. ठिपका मी दिला. तुम्ही नाही. ते नीट ऐकून घ्यायचे. कधी मान हलवायचे, कधी रडायचे, पण मानायचे नाहीत.

एके सकाळी तिचं सांगून झालं तरी ते तिच्याकडे बघतच राहिले, बराच वेळ, कुठे पाहिलंय हिला असं आठवत असल्यासारखे. मग त्यांनी आपले हात हळूच तिच्या हातांतून सोडवून घेतले.

"तुम्ही फार चांगल्या आहात हो, बाई," ते म्हणाले. "पण माझी चूक परक्या माणसाने कशाला अंगावर घ्यायची?"